शून्य चेनेजपर्यंत नेणारा नकाशा : खानापूर तालुक्यातील एका रस्त्याच्या स्थळदर्शक नकाशांचे काम

६ जानेवारी २०२५ रोजी बेळगावातील आमच्या छोट्या सल्लागार कार्यालयात एका रस्त्याच्या रुंदीकरणाच्या प्रकल्प अहवालाचे काम सुरू झाले आणि त्यातील स्थळदर्शक नकाशे माझ्याकडे सोपवण्यात आले. रस्ता खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूने निघून खानापूरच्या दिशेने येणारा, जुन्या नोंदीनुसार १२.४ किलोमीटर लांबीचा होता. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षे मी ऑटोकॅड या संगणकावरील आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर मोऱ्यांची आणि आडव्या छेदांची चित्रे काढत होते. राज्यापासून गावापर्यंतचा नकाशा मात्र मी कधीच काढला नव्हता. आमचे ज्येष्ठ ड्राफ्ट्समन, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "हे बघ, बेंगळुरूहून आलेल्या माणसाला तुला फोन न करता शून्य चेनेजच्या दगडापाशी उभे राहता आले पाहिजे. तेवढे जमले की नकाशा झाला." (चेनेज म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेले अंतर.) अण्णांचे हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, कारण पुढचे सहा आठवडे प्रत्येक शंकेला मी तीच कसोटी लावणार होते.

रस्त्याच्या अहवालात या नकाशांचे साधारण तीन थर असतात. पहिला की मॅप, ज्यात राज्य आणि जिल्हा दिसतो. दुसरा इंडेक्स मॅप, बहुधा १:५०,००० प्रमाणाचा, ज्यात रस्ता, आजूबाजूची गावे, नद्या, रेल्वे, महामार्ग आणि वनहद्द दिसते. तिसरा म्हणजे प्रत्यक्ष आखणीचा प्लॅन, जो सपाट भागात १:२,५०० आणि गावठाणात किंवा डोंगराळ भागात १:१,००० प्रमाणाने काढतात. माझ्याकडे पहिले दोन थर होते आणि मुदत ३१ जानेवारीची होती. आमच्या रस्त्याचा काही भाग वनहद्दीला लागून जात असल्याने वनमंजुरीसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरील अर्जाला १:५०,००० च्या टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूरूपदर्शक नकाशावर) आखलेला नकाशा आणि रस्त्याची केएमएल फाइलही (अक्षांश-रेखांशांसह रेषेची फाइल) लागणार होती, आणि भीमगड वन्यजीव अभयारण्यापासूनचे अंतर दाखवावे लागणार होते. एकाच रेषेवर इतकी कागदपत्रे उभी राहणार आहेत हे कळल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही.

८ जानेवारीला मी रस्ता पाहायला गेले. महिलांना मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे खानापूरपर्यंतच्या सरकारी बसचे तिकीट शून्य रुपयांचे होते. पुढे सर्वेक्षणाच्या सहकाऱ्याच्या दुचाकीवर दिवसभर फिरलो, त्याला पेट्रोलचे २०० रुपये दिले. हातातल्या जीपीएसवर सुरुवात, शेवट, प्रत्येक फाटा, मलप्रभेकडे जाणाऱ्या ओढ्यांवरच्या मोऱ्या, शाळा आणि देवळे असे ४१ बिंदू नोंदवले. दुचाकीच्या मीटरवर अंतर १२.४ किलोमीटर भरले. हा आकडा मी सहज म्हणून वहीत लिहिला होता, आणि पुढे त्यानेच मला वाचवले. नकाशा कार्यालयात बसून होतो हे खरे असले, तरी एकदा रस्त्यावरून गेल्याशिवाय कोणता फाटा महत्त्वाचा आणि कोणता शेतात जाऊन संपणारा, हे पडद्यावरून कळत नाही.

पुढचे दोन दिवस टोपोशीट जमवण्यात गेले. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकानुसार आमचा बहुतेक रस्ता ४८ आय/६ या शीटवर येतो, म्हणजे अक्षांश १५°३०′ ते १५°४५′ आणि रेखांश ७४°१५′ ते ७४°३०′ या चौकटीत. खानापूर गाव मात्र ७४°३०′ च्या किंचित पूर्वेला आहे, त्यामुळे रस्त्याचा शेवटचा टप्पा ४८ आय/१० वर जातो. दोन शीटच्या शिवणीवर रस्ता येणे आपल्या भागात नेहमीचे आहे; बेळगाव शहरसुद्धा ४८ आय/५ आणि ४८ आय/९ या दोन शीटमध्ये विभागले आहे, आणि निपाणीकडचे काम असेल तर १६° अक्षांश ओलांडल्यामुळे क्रमांकच बदलून ४७ एल होतो. ओपन सिरीजच्या, म्हणजे सर्वांसाठी खुल्या, शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात मिळतात. माझा ओटीपी दोनदा आला नाही, तिसऱ्या वेळी दुपारी काम झाले. खर्च काही आला नाही.

आमच्या कपाटात जुन्या छापील शीटचे स्कॅनही होते आणि त्यांवर पाऊलवाटा अधिक स्पष्ट दिसत असल्याने मला ते वापरण्याचा मोह झाला. अण्णांनी थांबवले. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोल या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर आधारलेल्या आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या प्रतिमानावर चालते. शीटच्या कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे डब्ल्यूजीएस-८४ म्हणून भरले, तर आपल्या भागात नकाशा सुमारे दीडशे मीटर सरकतो. मी प्रत्यक्ष करून पाहिले, तेव्हा माझे मोऱ्यांचे बिंदू रस्ता सोडून शेजारच्या शेतात जाऊन बसले. १:५०,००० वर दीडशे मीटर म्हणजे कागदावर तीन मिलिमीटर. डोळ्यांना हे फारसे खटकत नाही, पण वनहद्दीजवळच्या रस्त्यासाठी एवढा फरक म्हणजे जंगलाच्या आत की बाहेर हा प्रश्न असतो. म्हणून डब्ल्यूजीएस-८४ वरच असलेल्या ओपन सिरीजच्याच शीट घेतल्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चारही कोपऱ्यांवरून त्या जागेवर बसवल्या आणि मधल्या ग्रीडच्या छेदबिंदूंवर तपासून घेतल्या.

आता ज्या चुकीसाठी मी हे सगळे लिहीत आहे तिच्याकडे येते.

१० जानेवारीला मी क्यूजीआयएसमध्ये पार्श्वभूमीला ऑनलाइन उपग्रहचित्र घेतले, त्यावरून रस्त्याची मध्यरेषा काळजीपूर्वक आखली, ती ऑटोकॅडला वाचता येणारी डीएक्सएफ फाइल म्हणून जतन केली आणि ऑटोकॅडमध्ये उघडली. रेषा सुंदर दिसत होती. तिच्याभोवती गावे, नद्या, लेअर, रंग, रेषाप्रकार असे सगळे रचत मी चार दिवस काम केले. संक्रांतीच्या सुटीनंतर, १६ जानेवारीला, १:५०,००० वर पहिली छपाई काढली आणि अण्णांनी सवयीने दोरा घेऊन रस्त्याची लांबी कागदावर मोजली. १:५०,००० वर एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर, त्यामुळे १२.४ किलोमीटरचा रस्ता २४.८ सेंटिमीटर भरायला हवा होता. दोरा भरला जवळजवळ २५.८. एक सेंटिमीटर जास्त, म्हणजे अर्धा किलोमीटर जास्त.

आधी मला वाटले की वळणे आखताना माझा हात घसरला असेल. मग वाटले की छपाईत कागदाला बसवण्याचा पर्याय चालू राहिला असेल. दोन्ही तपासले, तसे नव्हते. ऑटोकॅडमध्ये रेषेची लांबीच १२.९ किलोमीटरच्या आसपास दाखवत होती. कारण संध्याकाळी सापडले. ऑनलाइन नकाशांचे चित्र ज्या प्रक्षेपात येते त्याला वेब मर्केटर म्हणतात. तो विषुववृत्तावर खरे अंतर दाखवतो आणि तिथून दूर जावे तसतसे अंतर फुगवतो. आपल्या सुमारे १५°४०′ अक्षांशावर ही फुगवटी साधारण चार टक्के असते. मी डीएक्सएफ जतन करताना निर्देशांक पद्धत बदलली नव्हती, म्हणून फुगलेली रेषा जशीच्या तशी ऑटोकॅडमध्ये उतरली, आणि ऑटोकॅड बिचारे प्रत्येक एककाला एक मीटर समजून मोजत राहिले.

ही चूक ओळखण्याची सोपी खूण मी तेव्हापासून पाळते. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणारी पद्धत, आणि खानापूर तालुका तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. तिथे जांबोटी-खानापूर भागातल्या बिंदूचा पूर्वांक (पूर्वेकडचे अंतर) साधारण ४ लाख ४० हजार आणि उत्तरांक (उत्तरेकडचे अंतर) साधारण १७ लाख ३० हजार मीटर असायला हवा. माझ्या चुकीच्या फाइलमध्ये कर्सर फिरवला की पूर्वांक ८२ लाखांच्या पुढे दिसत होता. तो आकडा चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होता आणि मी त्याकडे एकदाही पाहिले नव्हते. आता कोणतीही फाइल उघडली की मी आधी आयडी ही आज्ञा देऊन एका बिंदूचे निर्देशांक वाचते, मगच पुढे जाते.

एका सहकाऱ्याने सुचवले की सगळे चित्र ०.९६ ने लहान करावे, लांबी जुळेल. हा उपाय करू नये असे मी आग्रहाने सांगेन. लांबी जुळल्यासारखी दिसली तरी जागा जुळत नाही, आणि पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण फुगवटी तंतोतंत सारखी नसल्याने वळणांचा आकारही किंचित बिघडतो. शिवाय अशा फाइलवरून काढलेली केएमएल परिवेश पोर्टलवर भलत्याच ठिकाणी जाऊन पडेल. मी मूळ रेषा क्यूजीआयएसमधून ईपीएसजी ३२६४३ या (यूटीएम ४३ उत्तरच्या) पद्धतीत पुन्हा जतन केली, ऑटोकॅडमध्येही जिओग्राफिक लोकेशनमध्ये यूटीएम-८४-४३एन निवडले आणि चार दिवसांचे काम दोन दिवसांत पुन्हा केले. या वेळी लांबी १२.३८ किलोमीटर आली. यूटीएममध्येही आपल्या भागात किलोमीटरमागे सुमारे ३६ सेंटिमीटर कमी दिसतात, म्हणजे १२.४ किलोमीटरला साडेचार मीटर. स्थळदर्शक नकाशाला त्याने काही फरक पडत नाही, पण टोटल स्टेशनने (अंतर व कोन मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेले चेनेज आणि यूटीएमवरील लांबी जुळवताना तो हिशेब सर्वेक्षणवाल्यांनी करावा लागतो.

लेआउटची रचना त्यामानाने सोपी गेली. मॉडेल मीटरमध्ये आणि कागद मिलिमीटरमध्ये असेल, तर व्ह्यूपोर्टमध्ये (कागदावरच्या ज्या खिडकीतून चित्र दिसते तिच्यात) झूमला १,००० भागिले प्रमाण एवढा आकडा एक्सपी लावून द्यायचा: १:५०,००० साठी ०.०२एक्सपी, १:२,५०,००० साठी ०.००४एक्सपी, १:२,५०० साठी ०.४एक्सपी. त्यानंतर व्ह्यूपोर्ट लगेच कुलूपबंद करावा, नाहीतर माऊसचे चाक चुकून फिरले की प्रमाण बदलते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. अक्षरे कागदावर २.५ मिलिमीटर दिसायला हवी असतील तर १:५०,००० साठी मॉडेलमध्ये ती १२५ मीटर उंच लागतात. दोन वेगळ्या प्रमाणांचे व्ह्यूपोर्ट एकाच चित्रावरून काढायचे असल्याने मी अ‍ॅनोटेटिव्ह, म्हणजे प्रमाणानुसार आपला आकार जुळवणारी, अक्षरे वापरली. टोपोशीटचे चित्र आणि बाकीच्या फाइल संलग्न करताना मार्ग सापेक्ष ठेवला आणि दुसऱ्या संगणकावर पाठवताना जोडलेल्या सगळ्या फाइल एकत्र बांधणारी ई-ट्रान्समिट ही आज्ञा वापरली, म्हणून पार्श्वभूमी हरवली नाही.

गावांच्या नावांवर मात्र मी ठरवल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ दिला आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. आपल्या भागात एकाच गावाची दोन-तीन रूपे वापरात असतात. आपण निपाणी, चिकोडी, हलशी म्हणतो. कन्नडमध्ये निप्पाणी, चिक्कोडी, हलसी लिहितात. टोपोशीटवर रोमन लिपीतले तिसरेच रूप असते आणि जुन्या शीटवर इंग्रजी अमदानीतले स्पेलिंग. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, तरी अनेक जुन्या नकाशांवर आधीचेच आहे. पहिल्या मसुद्यात मी ऑनलाइन नकाशावरची नावे उचलली होती. ती गावकऱ्यांना दाखवण्यासाठी २२ जानेवारीला मी छपाई घेऊन पुन्हा रस्त्यावर गेले. एका वाडीतल्या आजोबांनी कागदावर बोट ठेवून विचारले, "बाळ, ही आमची वाडी कुठं गेली? इथं तर ओढ्यापलीकडच्या वाडीचं नाव लिहिलंय." त्यांचे म्हणणे खरे होते. नाव एका वाडीचे आणि ठिकाण दुसरीचे, आणि आजोबांची साठ-सत्तर घरांची वाडी नकाशावर मुळीच नव्हती.

परत आल्यावर मी नावांसाठी तक्ता केला: २०११ च्या जनगणनेतील सहा अंकी ग्रामसंकेतांक, लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील अधिकृत रूप, कन्नड रूप आणि गावात बोलले जाणारे मराठी रूप. गावांच्या हद्दी भूमापन खात्याच्या गावनकाशांवरून आणि दिशांक अ‍ॅपमधील सर्व्हे नंबरांवरून पडताळल्या. महसुली गावाचा दर्जा नसलेल्या वाड्या अधिकृत यादीत नसतात. त्या मी लहान, तिरप्या अक्षरांत आणि जीपीएसने स्वतः घेतलेल्या बिंदूवर दाखवल्या. सादर करायच्या नकाशावर इंग्रजी आणि कन्नड नावे ठेवली, आणि ग्रामसभेत दाखवण्यासाठी मराठी नावांचा वेगळा लेअर केला. आमच्या जुन्या टायटल ब्लॉकमधील (चित्राच्या माहितीच्या चौकटीतील) कन्नड मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असल्याने माझ्या संगणकावर तो अर्थहीन रोमन अक्षरांसारखा दिसत होता; तो सगळा युनिकोडमध्ये पुन्हा टंकला आणि कन्नड नीट वाचणाऱ्या सहकारी ताईंकडून अक्षरन् अक्षर तपासून घेतला. माझे कन्नड बोलण्यापुरते आहे, शुद्धलेखनापुरते नाही, आणि सरकारी नकाशावर अंदाजाने जोडाक्षर लिहिणे योग्य नाही.

२४ जानेवारीला पहिला संच संबंधित कार्यालयात दिला आणि पोच घेतली. पोचेवर आवक क्रमांक व तारीख असल्याची खात्री करून घ्यावी. पुढे प्रत्येक चौकशीत तोच क्रमांक विचारतात. त्यानंतर वाट पाहणे आले. ३१ जानेवारी गेली, दोनदा जाऊन आले, संबंधित अभियंता दौऱ्यावर होते. ४ फेब्रुवारीला शेरे मिळाले आणि ते वाचून आधी फार वाईट वाटले, कारण सहापैकी चार माझ्या निष्काळजीपणाचे होते. रस्ता कागदावर आडवा नीट बसावा म्हणून मी व्ह्यूपोर्ट फिरवला होता, पण उत्तरेचा बाण वरच्या दिशेलाच राहिला होता. की मॅपवर प्रमाण लिहिले नव्हते. सुरुवातीचे आणि शेवटचे अक्षांश-रेखांश दिले नव्हते. मलप्रभेच्या प्रवाहाची दिशा दाखवली नव्हती. उरलेल्या दोनपैकी एक शेरा अभयारण्यापासूनचे अंतर कोणत्या बिंदूपासून मोजले हे लिहिण्याचा होता.

सहावा शेरा महत्त्वाचा होता. की मॅपसाठी कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोव्याच्या सीमा मी इंटरनेटवर सहज मिळालेल्या एका फाइलवरून घेतल्या होत्या, आणि त्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या सीमेशी जुळत नव्हत्या. सीमाभागात राहणाऱ्या माणसाच्या मनात या तुटक रेषेबद्दल काय काय असते ते मला कोणी सांगायला नको. माझ्या आजोळची अर्धी माणसे रेषेच्या पलीकडे आहेत. पण नकाशा काढणाऱ्याने ती रेषा अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि कुठून घेतली ते कोपऱ्यात लिहावे, या मतावर मी त्या दिवशी ठाम झाले. अनोळखी फाइलमधली रेषा कोणी, कधी, कोणत्या प्रमाणावरून काढली हे माहीत नसते, आणि की मॅपवर न दिसणारी चूक मोठ्या प्रमाणावर गेल्यावर एखाद्या गावाला भलत्या राज्यात टाकू शकते.

सुधारित संच ७ फेब्रुवारीला दिला. या वेळी इंडेक्स मॅप उत्तर वर ठेवूनच काढला. फिरवलेली दृश्ये फक्त प्लॅनच्या शीटसाठी ठेवावीत आणि तिथे बाण दृश्यासोबत फिरवावा, असे अण्णांनी समजावले. चित्राच्या क्रमांकापुढे आर-१ (पहिली सुधारणा) लिहिले आणि काय बदलले ते सुधारणांच्या रकान्यात एकेका ओळीत नोंदवले. अभियंत्यांनी त्या ओळी वाचून पंधरा मिनिटांत सगळे तपासले आणि "मॅडम, बदल असे लिहून दिले की आमचेही काम सोपे होते," असे ते म्हणाले. १८ फेब्रुवारीला मंजुरी मिळाली. सहा संचांच्या ए-३ रंगीत छपाईला आणि बांधणीला मिळून ९४० रुपये लागले, ते कार्यालयाने दिले; दोन फेऱ्यांचा किरकोळ खर्च माझा झाला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मातीची तपासणी करणारी तुकडी हुबळीहून आली. त्या सकाळी मी फोन जवळ घेऊन बसले होते. साडेदहाला तो वाजला. ते शून्य चेनेजच्या दगडापाशी आठ वाजल्यापासून काम करत होते. फोन त्यांनी ४/६०० (४ किलोमीटर ६०० मीटर) जवळच्या एका जुन्या दगडी मोरीबद्दल केला होता, जी गवताखाली झाकलेली होती आणि माझ्या नकाशावर नव्हती. त्यांनी पाठवलेल्या निर्देशांकांवर मी त्याच दुपारी मोरीची खूण टाकली, सुधारणांच्या रकान्यात आर-२ ची ओळ लिहिली आणि नवी प्रत सगळ्यांना पाठवली.